तुझ्या आजीच्या रोबोबद्दल थोडं

बाय,

तुझी शॉर्टफिल्मची स्क्रिप्ट परवा रात्री वाचली आणि काल सकाळी परत वाचली, दुसऱ्यांदा वाचत होते तेव्हा बाहेर पोदेराचा भोंगा वाजला, तरी मी उठले नाही, तो पुढे निघून गेला आणि काल आमच्याकडे पाव नव्हते. हे अशासाठी सांगतेय की फोनवर तू तीनदा विचारलंस, मावशी खरं सांग, जमलंय का. जमलंय गो. सत्तरी तालुक्यातलं ते घर, पुढच्या सोप्यावर बसलेली आजी, लिस्बनहून नातवाने पाठवलेला रोबोचा खोका, तो उघडायला आलेला शेजारचा पोरगा, हे सगळं मला डोळ्यासमोर दिसलं. आजी दोन दिवस त्या खोक्याला हातच लावत नाही, उलट त्याच्यावर वाळत घातलेली चादर टाकते, हे तर फारच छान आहे, असं सुचायला घरात म्हातारं माणूस बघितलेलं असावं लागतं.

आता जे मला खटकलं ते सविस्तर लिहिते. फोनवर बोलले असते तर घाईत काहीतरी बोलून गेले असते आणि तू हिरमुसली असतीस.

आधी तो थेंब. शेवटी आजी जाते आणि रोबोच्या डोळ्यातून तेलाचा एक थेंब ओघळतो, तो काढून टाक. मला माहितीय तो तुझा सगळ्यात लाडका शॉट आहे, तू तो लाल पेनाने अधोरेखित केलायस. पण त्या क्षणी रडायचं काम बघणाऱ्याचं आहे आणि तू ते रोबोकडून करून घेतलंस की बघणारा मोकळा होतो, तो खुर्चीत मागे टेकून बसतो. मी लहान असताना बाबा मला कुडाळजवळ पिंगुळीला घेऊन गेले होते, तिथे ठाकर समाजाची माणसं कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात, रामायणातलं आख्यान होतं. लाकडाची सीता, तिचा चेहरा रंगवलेला, डोळे हलत नाहीत, ओठ हलत नाहीत, नुसती दोऱ्याने मान थोडी खाली झाली आणि मागून गाणाऱ्याने आवाज खाली नेला, आणि माझ्या बाजूला बसलेली बाई पदराने डोळे पुसायला लागली. मला तेव्हा वाटलेलं सीतेचा चेहरा बदलला. घरी येताना मी बाबांना तसं सांगितलं पण. चेहरा तोच होता, त्या बाईने आणि मी आमच्या मनातलं त्याच्यावर नेऊन ठेवलेलं. रोबोचा चेहरा तसाच कोरा ठेव, जितका कोरा ठेवशील तितकी त्याच्यावर जागा जास्त.

आणि हे कारागिरांनाही माहीत असलेलं आहे. मासाहिरो मोरी म्हणून जपानी प्रोफेसर होते, त्यांनी १९७० साली लिहिलं की यंत्र माणसासारखं दिसायला लागलं की आपल्याला ते आवडत जातं, पण अगदी माणसासारखं व्हायला थोडंसंच कमी राहिलं की एकदम अंगावर काटा येतो. जपानमध्येच पारो नावाचा एक रोबो आहे, ताकानोरी शिबाता यांनी केलेला, सीलच्या पांढऱ्या पिल्लासारखा, स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मांडीवर देतात. तो काहीच काम करत नाही, कुरवाळलं की मान हलवतो, आवाज करतो, बस. आणि सीलच का घेतला, तर कुत्रं मांजर सगळ्यांच्या ओळखीचं, खोटं कुत्रं लगेच पकडलं जातं, सील कुणी जवळून बघितलेला नसतो म्हणून कुणी तुलना करत बसत नाही. तुझ्या रोबोला तू दिलेली भुवई, ओठ, हसू, ते सगळं एकदा या नजरेने बघ, आणि बजेटचा विचार केलास तरी ते काढलेलं बरंच.

२०१२ चा 'रोबोट अँड फ्रँक' तू बघितलायस असं म्हणालीस, परत बघ, आणि या वेळी फक्त रोबो कसा बनवलाय त्याकडे लक्ष दे. आतून चालणारी एक नर्तिका, रेचेल मा, आणि आवाज दुसऱ्याच माणसाचा, पीटर सार्सगार्डचा. चेहऱ्याच्या जागी एक काळा काचेसारखा भाग, त्यात काहीच दिसत नाही. फ्रँक म्हणजे म्हातारा झालेला घरफोड्या, विसरायला लागलेला, मुलगा लांबून गाडी चालवून भेटायला येऊन येऊन कंटाळलेला, म्हणून रोबो आणून ठेवतो. त्यात एक जागा आहे, रोबो फ्रँकला सांगतो की तू माझं ऐकलं नाहीस, नीट खाल्लं नाहीस आणि मेलास, तर मी नापास ठरेन, मला परत नेतील आणि माझी मेमरी पुसतील. फ्रँक विरघळतो. पुढे कळतं की रोबोला स्वतःच्या मेमरीचं काहीच नाही, तू तब्येतीची काळजी घ्यावीस म्हणून मी तसं बोललो, असं तो सरळ सांगतो. बघ किती मोठी गोष्ट आहे ही. त्याने खोटं सांगितलं, पण आपली आई नाही का सांगायची, एवढा भात खा नाहीतर बागुलबुवा येईल. आणि शेवटी फ्रँकने केलेल्या चोरीचा पुरावा म्हणून त्याच रोबोची मेमरी पुसायची वेळ येते तेव्हा रोबो म्हणतो पूस, आणि ज्या माणसाची स्वतःची आठवण रोज थोडी थोडी गळतेय त्याला ते करायचं असतं. तिथे रोबोच्या डोळ्यात पाणी नाही, डोळेच नाहीत, आणि मी मात्र त्या रात्री किती वेळ तशीच बसून होते.

आता माझ्या आईची गोष्ट सांगते, तुला उपयोगी पडेल.

आमचं मूळ घर डिचोलीच्या बाजूला, तू आलीयस तिथे एकदा पावसात. बाबा गेल्यावर आई तिथे एकटी राहायची, मी पणजीला, भाऊ अबुधाबीला. भावाने गणेश चवथीला येताना एक लादी साफ करणारं गोल मशीन आणलं, काळं, थाळीएवढं, जमिनीवरून आपोआप फिरतं ते. आईला त्याचं कौतुक नव्हतं, ती म्हणाली झाडू काय वाईट होता. पण भाऊ गेल्यावर तिने ते चालू केलं. आता आमच्या घराचे उंबरठे तुला आठवत असतील, लाकडी, चांगले चार बोटं उंच, जुन्या घरांना असतातच. ते मशीन एका खोलीत गोल गोल फिरायचं, उंबरठ्याशी यायचं, टकटक धडकायचं, मागे जायचं, परत यायचं, आणि थांबून बीप बीप करत बसायचं. मग आई स्वयंपाकघरातून उठायची, पदर कमरेला खोचायची, एक हात दाराच्या चौकटीला धरून खाली वाकायची, गुडघे दुखत असताना, आणि दोन्ही हातांनी त्याला उचलून पलीकडच्या खोलीत ठेवायची, तोंडाने म्हणायची, चल रे काळू. रोज चार उंबरठे, म्हणजे चार वेळा. मी एकदा रागावले तिच्यावर, म्हटलं आई तुला वाकायला नको म्हणून हे आणलं आणि तू त्याच्यासाठी वाकतेस. ती म्हणाली, मग त्याला कोणीतरी नको का उचलून घ्यायला.

मला ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं म्हातारपण आहे, बोलतेय काहीतरी. खूप नंतर लक्षात आलं की आम्ही दोघं भावंडं तिला फोनवर रोज एकच विचारायचो, जेवलीस का, गोळी घेतलीस का, पडली नाहीस ना. तिच्याकडे कुणी काही मागत नव्हतं. सगळं आयुष्य जिने दुसऱ्यांना उचलून घेण्यात घालवलं तिच्याकडे अचानक कुणाचं काही अडत नव्हतं, आणि त्या काळ्या थाळीचं मात्र दिवसातून चार वेळा अडायचं.

तुझ्या स्क्रिप्टमध्ये रोबो सगळं करतो. चहा करतो, गोळ्या देतो, पाय चेपतो, रात्री पांघरूण घालतो, आजी नुसती घेत राहते, आणि म्हणून त्यांची मैत्री झाली असं तू लिहिलंयस. मला ते पटलं नाही, मैत्री अशी होत नाही. आजीला काहीतरी करू दे ना त्याच्यासाठी. त्याला उंबरठा ओलांडता येऊ नये. त्याला विहिरीकडच्या पायऱ्या उतरता येऊ नयेत. जून महिन्यात सत्तरीत लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, तर त्याचं चार्जिंग संपत आलंय, आजी कंदील घेऊन त्याच्याजवळ बसलीय, आणि तो हळूहळू कमी बोलायला लागलाय. तू शेवटी जे थेंबाने करू बघतेस ते इथे मधल्याच एका सीनमध्ये होऊन जाईल.

त्या मशीनचं पुढे काय झालं ते पण सांगते. दोनेक वर्षांनी ज्या ॲपवर ते चालायचं ते ॲप आईच्या फोनवर उघडेनासं झालं, कंपनीला मी किती मेल केले, एकाचंही धड उत्तर नाही, शेवटी म्हणाले नवीन मॉडेल घ्या. आईने ते फेकू दिलं नाही. देवघराच्या बाहेरच्या कोपऱ्यात त्याची चार्जिंगची जागा होती, तिथेच ठेवलं, वर एक जुना रुमाल टाकला. लोक म्हणतील यंत्रात काय जीव लावायचा. जपानमध्ये सोनीच्या त्या आयबो नावाच्या रोबो कुत्र्यांची गोष्ट वाच, १९९९ साली आले होते, २०१४ मध्ये कंपनीने दुरुस्ती बंद केली, तेव्हा इसुमी गावातल्या एका बौद्ध देवळात बंद पडलेल्या कुत्र्यांना ओळीने मांडून, प्रत्येकाच्या गळ्यात कुठल्या घरातला ते लिहून, भिक्षूंनी मंत्र म्हणून निरोप दिला. मला ते वाचून आईचा रुमाल आठवला.

आता मुख्य मुद्दा, याच्यासाठीच खरं तर एवढं लिहायला बसले. घरातल्या रोबोचा सिनेमा लिहिताना रोबोला भावना आहेत का या प्रश्नात अडकू नकोस, तो प्रश्न आजवर शंभर जणांनी विचारून झालाय. तू एवढंच विचार की तो आला तेव्हा त्या घरात कुणाची जागा रिकामी होती. रिकामी जागा असल्याशिवाय घरात रोबो येतच नाही. २०१९ चा मल्याळम 'अँड्रॉइड कुंजप्पन' बघ, रतीश बालकृष्णन पोदुवाल यांचा. पय्यन्नूरचा भास्करन, यंत्रांचा तिटकारा असलेला म्हातारा, मुलगा नोकरीला रशियात जातो आणि रोबो आणून ठेवतो. सुराज वेंजारामूडूने काय काम केलंय, त्याला त्या वर्षीचं केरळ सरकारचं बेस्ट ॲक्टरचं पारितोषिक मिळालं, आणि रोबोच्या आत सूरज तेलक्काड म्हणून बुटका नट आहे, त्या कवचात घामाने भिजून त्याने सगळा सिनेमा केला असणार. म्हातारा त्या रोबोला मुंडू नेसवतो. गाव आधी हसतं, मग सवय होते. आणि मुलगा परत येतो तेव्हा बापाच्या घरात मुलाची जागा भरलेली असते. तो सगळा सिनेमा त्या एका जागेवर उभा आहे, केरळातलं ते गाव काढून आपल्या गोव्यातलं पेडणे किंवा सांगे ठेव, काय फरक पडतो सांग. आपल्याकडे पण पोरं बोटीवर, गल्फला, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्ट करून तिकडे, आणि इकडे बारा खोल्यांच्या घरात दोन म्हातारी माणसं एका खोलीत.

कोगोनाडाचा 'आफ्टर यांग' तर रोबो बंद पडल्यावरच सुरू होतो. दत्तक घेतलेल्या चिनी मुलीला तिची भाषा, तिच्या गोष्टी कळाव्यात म्हणून आईबापाने सेकंडहँड रोबो भाऊ आणलेला असतो, यांग. बापाचं चहापत्तीचं दुकान, त्याला स्वतःला मुलीसाठी वेळ नाही. यांग बंद पडतो, दुरुस्त होत नाही, आणि मग कळतं की तो रोज काही सेकंद साठवून ठेवत होता. काय साठवलं, तर मोठं काही नाही, पानांमधून आलेलं ऊन, चहाचा कप, पोरीचं हसणं. बाप ते बघतो आणि त्याला स्वतःचंच घर पहिल्यांदा दिसतं. हा सिनेमा हळू आहे, फोनवर नको बघू, माझ्याकडे ये, आपण मोठ्या स्क्रीनवर लावू, तुझा मोबाईल मी फडताळात ठेवणार आहे आधीच सांगते.

तर तुझ्या स्क्रिप्टमध्ये नातू फक्त दोन व्हिडिओ कॉलवर दिसतो आणि दोन्ही वेळा घाईत असतो. तू त्याला थोडा वाईट केलायस. नको करू. पैसे पाठवणारा मुलगा रात्री काय करतो, शिफ्ट संपल्यावर तिकडच्या खोलीत बसून रोबोच्या कॅमेऱ्यातून आजीला झोपलेली बघतो का, बघत असेल तर ते प्रेम की पाळत, मला स्वतःला याचं उत्तर येत नाही, पण तो सीन मला बघायचाय. माझा भाऊ वाईट नव्हता. दर शुक्रवारी फोन करायचा आणि आईने फोन ठेवल्यावर मला करायचा, तिचा आवाज बारीक झालाय का गो, विचारायचा.

आणि अजून एक माणूस तुझ्या स्क्रिप्टमधून पूर्ण गायब आहे, याचं मला जरा वाईट वाटलं कारण तू हे विसरशील असं वाटलं नव्हतं. रोबो यायच्या आधी आजीकडे कोण होतं? कुणीतरी होतंच. शेवटच्या वर्षी आईकडे आम्ही एक मुलगी ठेवली होती, झारखंडची, तेवीस चोवीसची असेल, एजन्सीतून आलेली. तिचा स्वतःचा दीड वर्षाचा मुलगा तिकडे तिच्या आईकडे. दुपारी आई झोपली की ती मागच्या पडवीत बसून फोनवर त्याला गाणी म्हणायची, आमच्या आईला भरवून झाल्यावर. म्हणजे माझ्या आईला सांभाळायला मी तिला ठेवलं, तिच्या मुलाला सांभाळायला तिची आई, आणि तिच्या आईला कोण ते मी कधी विचारलंच नाही, याची मला आजही चुटपुट लागते. उद्या तिच्या जागी रोबो आला तर ती सुटली म्हणायची की तिचा पगार सुटला? कुंजप्पनमध्ये रोबोच्या आधी होम नर्स आहे हे उगीच नाही. तुझ्या सिनेमात ती एकाच सीनमध्ये असली तरी चालेल, पिशवी घेऊन बसस्टॉपवर उभी, पण असू दे.

रोबो हा शब्द कुठून आला माहितीय ना. कारेल चापेकचं नाटक, १९२० साली छापलं, १९२१ मध्ये प्रागला रंगमंचावर आलं, शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठ. जमीनदाराकडे फुकट करायचं काम. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकदम आमच्या आजोळचं आठवलं, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीवर घर असलेली मुंडकार माणसं, नारळ पाडायचे, भाटाची राखण करायची, लग्नकार्याला राबायला जायचं आणि वर डोक्यावर कायम टांगती तलवार की भाटकाराची मर्जी फिरली तर घर जाईल. त्यांना संरक्षण देणारा कायदा १९७५ साली झाला. म्हणजे न थकणारं, उलट न बोलणारं, हक्क न मागणारं माणूस घरात हवं ही इच्छा काय आजची नाही, ती आपल्या जुन्या घरांच्या भिंतीत मुरलेली आहे. आणि बाईच्या बाबतीत तर विचारूच नको. २०२४ मध्ये तो हिंदी सिनेमा आला, 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया', त्यात मुलगा रोबो मुलीलाच घरी लग्नाची म्हणून घेऊन येतो, आणि घरातल्यांना ती पसंत पडते. थिएटरमध्ये लोक हसत होते, मी पण हसले, पण घरी येताना मांडवी पुलावर बसमध्ये मला सारखं वाटत राहिलं की पसंत पडायला तिच्यात काय होतं, तर सांगितलेलं सगळं लगेच करते आणि कधी दमत नाही. तुझ्या आजीने पण सून म्हणून चाळीस वर्षं तेच केलं असेल. तिला हे कळू दे. रोबोला राबताना बघून ती एकदा तरी म्हणू दे, बस रे जरा. मला वाटतं हे वाक्य तुझ्या सिनेमात सगळ्यात महत्त्वाचं ठरेल.

भाषेबद्दल. तुझा रोबो पुस्तकी मराठी बोलतो, ते बरोबर आहे, तसाच येईल तो कंपनीतून. पण आजी पण पुस्तकी बोलते ते चुकलं. आपल्या घरात काय होतं, आरत्या मराठीत, पेपर मराठी, पोथी मराठी, आणि भाजी फोडणीला टाकताना, ओरडताना, कुरवाळताना कोंकणी मिसळलेलं. आजी त्याला म्हणेल यो रे बाबा, बस हांगा, आणि तो म्हणेल क्षमा करा, मला समजलं नाही. पहिल्या दिवशी यावर बघणारे हसतील. मग महिनाभराने एका सकाळी आजी पायरीवर अडखळते आणि तो तिला म्हणतो, सांबाळ गो. एवढाच शब्द. त्याला प्रेम आहे की त्याने फक्त ऐकून ऐकून उचललंय ते तू सांगायचं नाहीस. आणि आजीने पण त्याला विचारायचं नाही, तिने फक्त त्याच्याकडे बघायचं. मी कितीतरी वर्षं श्रुतिका लिहिल्या, रेडिओवर चेहरा नसतो, नुसता आवाज आणि दोन वाक्यांच्या मधली गप्प जागा, त्यावर ऐकणारा सगळं घर उभं करतो. म्हणून सांगते, त्या गप्प जागेत पार्श्वसंगीत भरू नकोस. रोबोच्या मोटारीचा बारीक आवाज, घड्याळ, पावसाची कौलांवरची सर, एवढं पुरे. तो मोटारीचा आवाज तर सुरुवातीपासून हळू ठेव, इतका की बघणाऱ्याच्या लक्षात पण येणार नाही, मग एका सीनमध्ये तो नसला की त्याला कळेल.

माणूस आणि रोबो नवरा बायको किंवा प्रियकर प्रेयसी असे सिनेमे पण आहेत, मारिया श्राडरचा जर्मन 'आय ॲम युअर मॅन' त्यातला मला सगळ्यात प्रामाणिक वाटला, बर्लिनच्या म्युझियममधली संशोधक बाई तीन आठवडे एका रोबो पुरुषाला घरी ठेवते आणि मग त्यावर रिपोर्ट लिहिते, मारेन एगर्टला त्यासाठी २०२१ मध्ये बर्लिनला सिल्व्हर बेअर मिळालं. पण तुझ्या गोष्टीला तो आत्ता नको, डोकं दुसरीकडे जाईल. नंतर बघ.

एक सीन मात्र मी तुला सुचवते, पटला तर घे. चवथ. वर्षभर रिकामं घर आणि चवथीला तीस माणसं, तू बघितलंयस ते. गणपतीच्या वर टांगायची रानफळांची माटोळी बांधायला पोरं रानातून कांगलां, घागऱ्यो, काय काय घेऊन आलीत, स्वयंपाकघरात पाच बायका, नेवऱ्यांचा वास, आणि रोबो लोकांच्या पायात येतो म्हणून कुणीतरी त्याला बंद करून मागच्या खोलीत नेऊन ठेवलाय, नारळांच्या ढिगाऱ्याजवळ. दोन दिवस त्याची कुणाला आठवण नाही. आजीलाही नाही! ती खूश आहे, तिचं घर भरलंय, नातू आलाय, तिच्या मांडीवर पणतू आहे. हे दाखवायला घाबरू नकोस, लोकांना वाटेल आजी विसरली त्याला. विसरू दे. मग विसर्जन होतं, गाड्या एकेक करून निघतात, नातवाची टॅक्सी दाबोळी विमानतळाकडे, आणि संध्याकाळी आजी दिवा लावून मागच्या खोलीत जाते. ती त्याचं बटण दाबते की तिथेच नारळांवर बसून राहते ते मी तुला सांगणार नाही, ते तुझं तू ठरव, पण ठरवताना आधी दोन्ही लिहून बघ, एका रात्रीत एक, दुसऱ्या रात्रीत दुसरं.

आजी मरायलाच हवी का हे पण एकदा विचार कर. म्हातारं माणूस आलं की शेवटी ते मारायचं अशी आपल्याला सवय लागलीय, शॉर्टफिल्मवाल्यांना तर जास्तच.

बाकी टायपिंगच्या चुका मी पेन्सिलने दुरुस्त केल्यायत, कॉपी तुझ्या मामाकडे म्हापशाला पाठवते. दुसरा ड्राफ्ट इफ्फी फिल्म फेस्टिव्हलच्या गडबडीच्या आधी पाठव, तेव्हा मी रोज चार सिनेमांच्या रांगेत असते, वाचायला डोळे उरत नाहीत. आणि शूटिंगसाठी उंबरठे असलेलं घर शोधत असशील तर आमचं उघडून देते, किल्ली शेजारच्यांकडे आहे, मागचं दार पावसाने फुगलंय ते जरा खांदा लावून ढकलावं लागतं. काळू अजून तिथेच आहे, रुमालाखाली. चालत नाही तो, पण उचलण्याच्या शॉटला चालायची काय गरज. आजीचं काम करणाऱ्या बाईंना एवढंच सांग की एक हात चौकटीला धरायचा आणि मगच वाकायचं.

तुझी मावशी